लिनोकट शिकायचंय, पहिलं चित्र कोणाचं कोरू?

अर्धवर्तुळ
नमस्कार मंडळी,
पेन्सिल आणि जलरंगात बऱ्यापैकी चित्रं काढते. आता लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरून छापणं, शिकायचं मनात आहे, तेही फक्त काळ्या-पांढऱ्यात. करड्या लिनोचे दोन तुकडे, पाती बदलता येणारी कोरणी, रोलर आणि काळी शाई एवढं जमवून झालंय. जिथे वाचावं तिथे एकच सल्ला दिसतो: सुरुवातीला स्वतःचं चित्र घेऊन बसू नका, आधीच कोणीतरी केलेलं एखादं चित्र लिनोत उतरवा. रचनेची चिंता नको, सगळं लक्ष कोरण्याकडे.

इथवर पटलं. पण कोणाचं घेऊ? डोक्यात डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याच्या कानातल्यावाली मुलगी आहे. पार्श्वभूमी काळी आहे, म्हणजे अर्ध्या ठोकळ्याला हातच लावायचा नाही, अर्धं काम फुकटात. दुसरा पर्याय म्हणजे मुळात छापील असलेलं काहीतरी, एखादा जुना वुडकट, म्हणजे लाकडावर कोरून छापलेलं चित्र. त्यात काळं-पांढरं आधीच ठरलेलं असतं.

आणि एक शंका टोचत राहते. दुसऱ्याचं चित्र कोरून हात बसेलही, पण त्यापलीकडे काही पदरात पडतं का?

अनुभवी लोकांनी सांगा. बाकीचे सांगणारच आहेत.

खटपट्या
मी बाकीच्यांतला. ती मुलगी नको. लिनो हातात आला की जो तो आधी तिच्याच मागे लागतो. उरलेले जपानी होकुसाईच्या छापील लाटेत बुडतात.

सदाफुली
लाटेबद्दल +१. लांबून वाटतं, नुसत्या रेघा तर आहेत. मग फेसाच्या त्या नख्या जवळून बघाव्यात. प्रत्येक रेघ जाड सुरू होते आणि टोकाला जाऊन नाहीशी होते. ते ठोकळे कोरणारे लोक त्याच कामात मुरलेले होते, आणि लाकूड चेरीचं. शिवाय अर्धी गंमत निळ्या रंगात आहे, ती काळ्यात गेलीच.

छापखानेवाला
अर्धवर्तुळ, तुमच्या दोन पर्यायांत दिसतो त्यापेक्षा जास्त फरक आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

वुडकट घेतलात तर काळं कुठे थांबायचं हे त्या चित्रकाराने आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही त्याच्या कडेने पातं फिरवता. यात कमीपणा नाही, कारण पातं सरळ कसं न्यायचं, वळणावर हात फिरवायचा की ठोकळा फिरवायचा (ठोकळाच फिरवायचा), किती खोल जायचं, हे सगळं तिथे शिकून होतं. रंगचित्र घेतलंत तर त्यातल्या प्रत्येक करड्या जागेचा निकाल तुम्हाला लावायचा असतो. काळं की पांढरं, मधलं काही मिळणार नाही.

म्हणून माझं मत: आधी छापील चित्र, आणि त्यातही फेलिक्स व्हालोटॉन. जन्म १८६५, मृत्यू १९२५, मूळचा स्वित्झर्लंडचा, काम पॅरिसमध्ये. १८९७-९८ मध्ये त्याने 'एंतिमिते' नावाची दहा वुडकटची मालिका केली, बंद खोल्यांतली स्त्री-पुरुषांची चित्रं. त्यातलं 'लार्जां', म्हणजे पैसा, हे बघा. डावीकडे पांढऱ्या कपड्यातली बाई, तिच्याकडे झुकलेला पुरुष, आणि उजवीकडचा बहुतेक सगळा भाग निव्वळ काळा. त्या पुरुषाचा कोट कुठे संपतो आणि खोलीचा अंधार कुठे सुरू होतो हे दाखवणारी रेघच नाही. आकार मोठे, रेघा मध्यम जाडीच्या, नवशिक्याच्या पात्याला झेपणारं काम.

ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराच्या नादी मात्र लागू नका. त्याच्या वुडकटमध्ये काळ्या रेघा एकमेकींना छेदतात. लाकूड असो वा लिनो, उठावाच्या छपाईत जे शिल्लक राहतं तेच काळं उमटतं. म्हणजे ती जाळी हवी असेल तर रेघांमधला प्रत्येक पांढरा तुकडा वेगळा उकरून काढायचा. पेनाने क्षणात होणारी गोष्ट पात्याने करताना जीव जातो.

तिरपी_रेघ
छापखानेकाकांशी पहिल्यांदाच असहमत होतेय, जपून लिहिते.

व्हालोटॉनची नक्कल करताना माणूस गिरवत बसतो. हात चांगला असला तर चित्र छान येतं, कौतुक होतं, आणि पुढच्या वेळी स्वतःचं चित्र समोर आलं की पुन्हा पाटी कोरी. अर्धवर्तुळला रेखाटन येतं, ती काही शून्यातून सुरू करत नाहीये. तिने थेट व्हर्मीर घ्यावा.

त्या चेहऱ्यात एक जागा आहे, ती बघण्यासाठी तरी. नाकाचा दांडा आणि त्याच्या पलीकडचा गाल, दोघांच्या मध्ये व्हर्मीरने रेघ ओढलेलीच नाही. एकाच उजेडात दोन्ही मिसळलेत. आपल्याला नाक दिसतं ते नाकपुडीच्या सावलीमुळे आणि डोळ्यांच्या जागेमुळे. पेन्सिलवाला माणूस तिथे हमखास रेघ घालतो. लिनोत ती जागा सरळ पांढरी सोडायची, बघणारा नाक पुरं करून घेतो. एवढं एक जरी समजलं तरी तुकडा वसूल.

तोच प्रकार मोत्याचा. वरचा एक ठळक उजेड, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस. लिनोत एक टिंब आणि एक वाकडी खाच. बाकीचा मोती नाहीच.

नक्कल करण्यात कमीपणा वाटत असेल तर पिकासो आठवा. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, १९५८ मध्ये, त्याने धाकटा क्रानाख या सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराच्या एका व्यक्तिचित्रावरून रंगीत लिनोकट केला, तोही मित्राने पाठवलेल्या पोस्टकार्डावरून. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. ती जुळवाजुळव नकोशी झाली म्हणा किंवा आणखी काही, पण पुढच्याच वर्षी तो एकच ठोकळा कोरत कोरत एकावर एक रंग छापायच्या पद्धतीकडे वळला.

शंकासुर
हे सगळं ठीक, पण फोनमध्ये फोटो टाकला की ॲप दोन रंगांत करून देतं. पट्टी सरकवा, छापा, लिनोवर उतरवा, कोरा. 'निकाल लावायचा' वगैरे काय राहिलं मग?

तिरपी_रेघ
शंकासुर, ती पट्टी सगळ्या चित्राला एकच माप लावते. या चित्रात उजेड डावीकडून येतो. चेहरा नीट दिसेल अशी पट्टी ठेवली की फेट्याचा मागचा भाग, मानेची सावली आणि खांदा सगळे पार्श्वभूमीत बुडतात. खांदा वर आणायला पट्टी सरकवली की चेहरा सपाट पांढरा होतो, ओठसुद्धा पुसट. ॲप वापरायला हरकत नाही, पण तीन वेगवेगळ्या मापांचे छापे काढ, शेजारी शेजारी ठेव आणि चेहरा एकातून, फेटा दुसऱ्यातून असं उचल. म्हणजे निकाल तूच लावलास.

शिवाय ॲप जे कण-कण ठेवतं ते कोरून बघ एकदा.

कृष्णधवल
मी तर म्हणतो फोन बाजूलाच ठेवा. डोळे अर्धवट मिटून चित्राकडे बघा, जाड ब्रश आणि काळी शाई घ्या, आणि थेट कागदावर त्याच मापात करा. पेन्सिल नाही. चुकलं तर पांढऱ्या पोस्टर कलरने झाका, पुन्हा काळं. शाई आणि पांढरा रंग यांच्या मारामारीत जे उरतं तोच तुमचा लिनोचा नकाशा. पेन्सिल हातात असली की करडं घालायचा मोह सुटत नाही.

अवांतर: तिच्या मागची ती पार्श्वभूमी काळी नव्हतीच. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ मध्ये त्या चित्राची तपासणी केली, तेव्हा कळलं की व्हर्मीरने मागे हिरवा पडदा रंगवला होता. वरचा पारदर्शक हिरवा थर काळाच्या ओघात विरला आणि मागे काळोख उरला. पापण्याही सापडल्या, अगदी बारीक.

खटपट्या
म्हणजे अर्धं काम फुकटात नाहीये, पडदा शिवायचा राहिलाय :)

छापखानेवाला
फुकटात नाहीच, आणि पडद्याचाही संबंध नाही. सगळे कोरण्याबद्दल बोलताय, छापायचं कोणी बोलतच नाहीये.

काळी पार्श्वभूमी म्हणजे कोरायचं काम कमी, पण छापायचं सगळ्यात अवघड. प्रेस नसेल तर मोठा सलग काळा भाग हाताने एकसारखा उमटवणं ही नवशिक्याची खरी परीक्षा. दाब कमी पडला तिथे पांढरे ठिपके राहतात, मीठ सांडल्यासारखे. पाण्याची शाई असेल तर आणखी पंचाईत, कारण रोलर फिरवून कागद ठेवेपर्यंत ती सुकायला लागते. तेलाची शाई घ्या, किंवा तेलाचीच पण साबणपाण्याने धुतली जाणारी मिळते ती. शाई पाटीवर पातळ पसरवा. रोलरखाली हलका चरचर आवाज आला की थर बरोबर. फचफच आवाज आला, किंवा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर जास्त झाली, आणि ती बारीक खाचांत उतरणार. एकदा भरपूर लावण्यापेक्षा पातळ थर पुन्हा पुन्हा द्या, दर वेळी दिशा बदलून.

कागद पातळ. जाड कार्ट्रिज कागद प्रेसशिवाय दाद देत नाही. कोझोसारखा लांब धाग्यांचा जपानी कागद मिळाला तर उत्तम, लाकडी चमच्याच्या पाठीने घासला तरी फाटत नाही आणि काळं मागून दिसायला लागतं, म्हणजे कुठे घासायचं राहिलं ते कळतं. पूर्ण उचलण्याआधी एक कोपरा उचलून बघा. फिकं असेल तर तेवढाच भाग उचलून धरा, ठोकळ्यावर पुन्हा शाई फिरवा, कागद परत खाली सोडा. दुसरा कोपरा दाबून धरलेला असला की कागद जागचा हलत नाही.

अर्धवर्तुळ
बाप रे. माझी शाई पाण्याचीच आहे. कागद जलरंगाचा, जाडजूड.

खटपट्या
छान, म्हणजे साहित्य पुन्हा जमवायचं. हाच खरा छंद असतो.

उगाच_एक
सगळे कोणाचं चित्र घ्यावं यावर वाद घालताय, घ्यावंच का यावर कोणी बोलत नाही. नक्कल ती नक्कल. फ्रान्झ चिझेक नावाचा चित्रकला-शिक्षक व्हिएन्नात लहान मुलांकडून लिनोकट करून घ्यायचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि समोर काही ठेवून उतरवायला लावणं त्याला मान्य नव्हतं. मुलांच्या डोक्यात जे आहे ते कोरू द्या, एवढंच. त्या मुलांचे लिनोकट आजही ताजे वाटतात. इथे मोठी माणसं ॲप लावून चारशे वर्षांपूर्वीच्या मुलीच्या नाकाची चर्चा करताहेत.

शंकासुर
साडेतीनशे. १६६५ च्या आसपासचं आहे चित्र.

उगाच_एक
मुद्दा कळला ना?

सदाफुली
मुलांना समोर काही लागत नाही, कारण आपलं चित्र बरोबर आलं की नाही याची त्यांना फिकीर नसते. मोठ्यांना असते. मोठा माणूस पहिल्या लिनोत स्वतःचं झाड काढतो, ते झाड पेन्सिलीतल्या झाडासारखंच असतं, बारीक बारीक फांद्यांचं, आणि पातं त्या फांद्या एकेक करून उडवतं. मग तो म्हणतो लिनो आपल्याला जमत नाही. नकलेचा फायदा एवढाच, की या माध्यमात विचार केलेलं चित्र कसं दिसतं ते हाताला आतून कळतं.

म्हणून मी छापखानेकाकांच्या बाजूने. फक्त व्हालोटॉनऐवजी नंदलाल बोस बघा म्हणेन. दांडीयात्रेच्या वेळचा, १९३० चा, काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा लिनोकट सगळ्यांनी पाहिलेला असतो. काळ्या जागेवर पांढऱ्या रेघांनी काढलेली आकृती. जिथे पातं गेलं तिथे उजेड. लिनोला हीच गोष्ट सगळ्यात सहज येते, आणि आपण मात्र सवयीने काळी रेघ शिल्लक ठेवायला धडपडतो. त्याच वर्षी आलेल्या रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या मुलांच्या पुस्तकातले लिनोकटही त्यांचेच. अक्षरओळखीच्या पुस्तकात इतकं ठाम काळं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

वाळवी
हक्कांचा विषय येणारच होता, तर आधीच लिहून ठेवते. व्हर्मीर १६७५ मध्ये गेला, व्हालोटॉन १९२५ मध्ये, दोघांचीही चित्रं मोकळी. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. नंदलाल बोस १९६६ मध्ये गेले, म्हणजे २०२६ साल सरेपर्यंत हक्क आहे. बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद १९७८ मध्ये, म्हणजे २०३८ सरेपर्यंत. युरोपात ७० वर्षं, त्यामुळे डच चित्रकार एशर तिकडे २०४२ सरेपर्यंत बंदिस्त, आणि जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ मोकळी.

शिकण्यासाठी घरात एक प्रत कोरणं ही वेगळी गोष्ट, खाजगी वापराला आपल्या कायद्यात सूट आहे. विकणं, छापून वाटणं म्हटलं की हिशोब बदलतो.

शंकासुर
आणि हक्क नसेल तर? व्हर्मीरवरून केलेल्या लिनोकटखाली सही माझी?

छापखानेवाला
सही तुमचीच, पण 'व्हर्मीरवरून' असं लिहून. या बाबतीतलं एक जुनं भांडण ड्यूररचंच. १५०६ च्या सुमारास मार्कांतोनियो रायमोंदी या इटालियन कोरणाऱ्याने त्याच्या वुडकटच्या नकला तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या, ड्यूररच्या आद्याक्षरांच्या खुणेसकट. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी लिहितो की ड्यूरर तक्रार घेऊन व्हेनिसला गेला आणि त्याला न्याय मिळाला तो इतकाच, की त्याची खूण यापुढे वापरायची नाही. चित्रांची नक्कल करू नका असं कोणी सांगितल्याचं वसारी म्हणत नाही. रायमोंदीला त्या नकलांनी काय शिकवलं म्हणाल तर पुढे राफाएलची चित्रं युरोपभर पोचली ती त्याच्याच हातच्या छापांमधून.

तिरपी_रेघ
काका, म्हणजे लाकडातली रेघ तांब्यात नेताना तो शिकला. माध्यम बदललं म्हणून. माझाच मुद्दा झाला की हा :)

छापखानेवाला
झाला. लिहून पाठवल्यावर लक्षात आलं.

कृष्णधवल
तिरपी_रेघच्या बाजूने आणखी एक. कोलविट्झने कार्ल लीबक्नेख्ट या जर्मन समाजवादी नेत्याच्या मृत्यूवरचं स्मृतिचित्र आधी एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून) केलं, मग लिथोग्राफमध्ये (दगडावर काढून), आणि दोन्ही नाकारून शेवटी वुडकटमध्ये. शिल्पकार बार्लाखचे वुडकट पाहिल्यावर तिला हा रस्ता सापडला. तीन माध्यमांतल्या आवृत्त्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. एचिंगमध्ये रडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सगळी छटा आहे. वुडकटमध्ये काळ्यात कोरलेले चेहरे आणि हात, एवढंच. स्वतःचीच नक्कल स्वतःच करायची, पण दर वेळी काय काय टाकून द्यायचं ते नव्याने ठरवायचं.

अर्धवर्तुळ
सगळ्यांना धन्यवाद, डोकं भरलंय. मला दोन तुकडे आहेत, तर एकावर 'लार्जां'चा फक्त डावीकडचा भाग आणि दुसऱ्यावर ती मुलगी असं करते. चित्र लिनोवर उतरवायचं कसं तेवढं सांगा. आणि आरशाचं काय? मला ती डावीकडेच बघायला हवी.

खटपट्या
उजवीकडे बघायला लावलीत तर व्हर्मीरही ओळखणार नाही, हक्कांचा प्रश्नच मिटला.

छापखानेवाला
ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने, ६बी वगैरे, चित्र काढा. तो कागद पालथा, पेन्सिलीची बाजू खाली, लिनोवर ठेवा आणि मागून चमच्याने घासा. चित्र लिनोवर उलटं उतरतं, छापलं की सुलटं येतं. हिशोब करावा लागत नाही. कार्बन वापरलात तर मात्र तो जसंच्या तसं उतरवतो, म्हणून आधी चित्र उलटवून घ्यावं लागतं. काही अक्षरं कोरणार असाल तर छापण्याआधी ठोकळा आरशात बघा.

उतरवण्याआधी लिनोवर पातळ रंगाचा हात द्या, फिकट तपकिरी किंवा निळा, आणि वाळू द्या. करड्या लिनोत कोरलेलं आणि न कोरलेलं एकसारखंच दिसतं. रंग असला की जिथे पातं गेलं ते लगेच कळतं. मग जे काळं राहणार ते पक्क्या मार्करने भरून टाका. पातं हातात असताना 'हे ठेवायचं की काढायचं' हा प्रश्न पडता कामा नये.

कोरताना आधी बारीक जागा, व्हीच्या आकाराच्या पात्याने कडा. रुंद यूच्या पात्याने मोठी जागा सगळ्यात शेवटी. शिल्लक ठेवायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना उतार बाहेर जायला हवा. पातं आत कललं की रेघ खालून पोकळ होते आणि छापताना तुटते. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाची पूड आणि राळ, मागे तागाचं कापड. थंडीत तो कडक होतो, जुना झाला तरी होतो. थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा कोमट इस्त्री फिरवा, लोण्यासारखा कापला जातो. आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे. पातं बोथट असलं की जोर लावला जातो आणि जोर लावला की ते निसटतं, तेव्हा कातड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून त्यावर पातं अधूनमधून ओढत जा.

गवती
मी नवीन. गुलाबी रबरासारखं जे मिळतं ते चालेल का? करड्या लिनोने मनगट दुखतं.

सदाफुली
शिकायला चालेल, सरसर कापतं. पण त्यात बारीक रेघ दाबली की वाकते, आणि पातं इतकं सहज पुढे जातं की थांबायचं कळत नाही. मनगट दुखण्याचं कारण बहुतेक वेळा बोथट पातं असतं, लिनो नाही.

उगाच_एक
कोणीतरी कोरलेल्या जागेतल्या उरलेल्या रेघांबद्दल सांगा तिला. रुंद पात्याने साफ केलेल्या जागेत बारीक कणे उभे राहतात आणि तेही छापतात. मला त्या आवडतात, लिनोकट आहे हे कळतं. पण बाहेरच्या मोकळ्या जागेत. या चित्रात बाहेर मोकळी जागाच नाही, साफ करायचा आहे तो चेहराच. तिथे वाटेल त्या दिशेने पातं चालवलं तर मुलीला दाढी येईल.

तिरपी_रेघ
हा मात्र लाखाचा मुद्दा. गाल साफ करताना गालाच्या गोलाईच्या दिशेनेच पातं न्यायचं. मग उरलेल्या रेघा राहिल्या तरी त्या आकार सांगतात.

अर्धवर्तुळ
झालं! दोन्ही छापे फोटोत टाकलेत. शाई बदलली, कागदही.

'लार्जां'चा भाग नीट उमटलाय असं वाटतं. गिरवताना एक गोष्ट कळली जी नुसतं बघून कळली नव्हती. त्या पुरुषाच्या कोटाची कड शोधत पेन्सिल फिरवली तर पेन्सिलला जायला जागाच नाही. कॉलर, चेहरा, हात, एवढ्या पांढऱ्या तुकड्यांवर तो उभा आहे. मग मुलीकडे वळल्यावर मी फेट्याच्या मागच्या बाजूची कड सोडूनच दिली, अंधारात जाऊ दिली. ते त्याच्याकडून उचललं. नाकाला रेघ घातली नाही, पण ओठांखालची सावली ठेवायला धीर झाला नाही, त्यामुळे हनुवटी जरा पसरट दिसते.

त्यामुळे 'आधी कोणतं' याचं माझ्यापुरतं उत्तर: छापील आधी, पण लगेच पाठोपाठ रंगचित्र. मध्ये वेळ गेला असता तर कोटाची ती गोष्ट हातातून गेली असती.

तिरपी_रेघ
नाक! नाक! मस्त आलंय. हनुवटीखाली मान आणि जबड्याच्या मध्ये एक लहान काळी जागा असायला हवी होती, पण कोरलेलं परत येत नाही. फेट्यावर मात्र पट्टे जास्त झालेत, डोळा आधी तिकडे जातो. पुढच्या छाप्याआधी काही भरून काढता येईल का, काका?

छापखानेवाला
इपॉक्सी पुट्टी भरून, वाळल्यावर घासून सपाट करता येते. पण फेट्यासाठी मी करणार नाही. दुसरा तुकडा घ्या. काळं छान भरलंय, खालच्या उजव्या कोपऱ्यात जरा ठिपके आहेत, तिथे चमचा कमी पडला.

उगाच_एक
चेहरा चांगला झालाय. मान्य. पुढचं स्वतःचं करा.

गवती
तेलाची शाई पाटी आणि रोलरवरून काढायची कशी? साबणाने जात नाहीये.

छापखानेवाला
आधी उरलेली शाई पातीने खरवडून घ्या. मग स्वयंपाकाचं कुठलंही तेल थोडंसं ओता, चिंधीने फिरवा, सगळं सुटतं. त्यानंतर साबणपाणी. रॉकेल किंवा टर्पेंटाइनची गरज नाही. एक काळजी मात्र घ्या: या शाईत जवसाचं तेल असतं, ते वाळताना उष्णता सोडतं, आणि चोळामोळा करून फेकलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.

छापखानेवाला
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). प्रतिसाद दोनदा उमटला.

खटपट्या
छाप्यांवर क्रमांक घालतात तसं, १/२ आणि २/२. काका, खाली पेन्सिलीने सही राहिली.